पुस्तकातल्या बू वारसिनी

वारसिनी : तू ऑगस्टमध्ये येतोस. आत्ता मार्च चाललाय. कोण गेलं?

तुगिमान : कुणी नाही गेलं, बू. घरी सगळे ठणठणीत आहेत. आधी हे धरा, अम्बारावाची सेराबी आहे, गरम धिरडी. डबा सरळ धरा, नारळाचं दूध गळतंय खालून.

वारसिनी : दोन डबे? ऑगस्टमध्ये एकच असतो. एन्दाह, बशा आण गं. हा माणूस काहीतरी मागायला आलाय.

एन्दाह : पाक तुगिमान, बरं झालं तुम्हीच आलात. मी सुराबायाहून आल्यापासून हे पत्र घेऊन बसलेय. बघा. माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईनं उंगारानच्या चौकात लाल दिवा असताना गाडी दामटली, असं पोलिसांचं म्हणणं आहे. सोबत फोटो.

तुगिमान : या अल्ला. कॅमेरा होता तिथे?

वारसिनी : फोटो छान आलाय तुझा. मी गल्लीत सगळ्यांना दाखवला. तोंडात काय होतं रे?

तुगिमान : तेम्पेची भजी, बू. आज जाताना चौकीत जातो, निस्तरतो सगळं.

एन्दाह : हसू नकोस आई. गाडी विकून अकरा वर्षं झाली आणि अजून कागदावर तूच मालकीण. उद्या कुणाला धक्का लागला तर ते इथे येतील, तुझ्या दारात.

तुगिमान : म्बाक एन्दाह, तेच तर बोलायला आलोय मी. गाडी नावावर करून घ्यायचीय.

वारसिनी : कुणाच्या?

तुगिमान : माझ्या.

वारसिनी : सेराबी खा. गार झाली की चिवट होते.

तुगिमान : बू, शाळेनं नियम काढलाय. मुलांची ने-आण करणाऱ्या प्रत्येक गाडीचा विमा हवा, आतल्या मुलांसकट. शनिवारपर्यंत कागद दाखवायचे. नाहीतर माझी चौदाच्या चौदा मुलं त्या पांढऱ्या मिनीबसवाल्याकडे जाणार.

वारसिनी : मग काढ की विमा. मी कुठे हात धरलाय?

तुगिमान : गेलो होतो ना विमावाल्याकडे. तो म्हणाला, गाडीच्या पुस्तकात ज्याचं नाव त्याच्याच नावानं विमा निघेल. मग विचारलं, ह्या वारसिनी तुमच्या कोण? मी म्हटलं, तशा कुणी नाहीत, दरवर्षी कर भरायच्या वेळी त्यांचं ओळखपत्र उसनं आणतो. त्यानं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत बसला.

वारसिनी : म्हणजे माझ्या नावानं विमा घेतलास आणि तू खड्ड्यात गेलास, तर पाय माझा मोडला असं धरायचं?

तुगिमान : साधारण तसंच, बू.

वारसिनी : मोडू दे. नाहीतरी दुखतोच.

एन्दाह : आई, अगं चौदा मुलांचा प्रश्न आहे. त्यांचं पोट आहे त्यावर.

वारसिनी : मला कळतं पोट. पण अकरा वर्षं काय अडलं होतं? सकाळी येतो, ओळखपत्र नेतो, कर भरतो, दुपारी परत आणून देतो. चहा पितो, बायकोच्या कागाळ्या सांगतो, जातो.

एन्दाह : आणि ओळखपत्र न्यायचीसुद्धा गरज नाही आता. समोरच्या बू रुस्मानींनी स्कूटर विकली, ती घेणारा माणूस एजंटला फोनवर ओळखपत्राचा फोटो पाठवतो. तीन वर्षं झाली. तो माणूस इकडे फिरकतसुद्धा नाही.

वारसिनी : माहीत आहे मला.

एन्दाह : माहीत आहे? मग ह्यांना सांगितलं का नाहीस?

वारसिनी : त्यालाही माहीत आहे.

तुगिमान : कर भरायला सलातिगात येतोच, तर म्हटलं, डोकावून जावं.

एन्दाह : तुम्ही दोघं धन्य आहात. बरं पाक तुगिमान, नाव बदलायला काय काय लागतं?

तुगिमान : बाकी सगळं झालंय. काल गाडी तपासून आणली. माणूस गाडीखाली झोपून चासीच्या नंबरावर चिकटपट्टी लावून पेन्सिलनं घासतो, तो छापही घेतलाय. वर म्हणाला, तुमच्या गाडीत कोळंबी का तळता?

एन्दाह : अजून येतो तो वास?

तुगिमान : उन्हात उभी केली की येतोच. शाळा सुटल्यावर पोरं आत बसली की दहाव्या मिनिटाला भूक भूक करतात. त्यांच्या आया मलाच विचारतात.

वारसिनी : अठरा वर्षं कोळंबीचे पापड वाहिलेत तिनं. इतक्यात कसा जाईल वास?

एन्दाह : मला शाळेत सोडायचीस तेव्हा मी दोन चौक आधीच उतरायचे. आठवतं?

वारसिनी : न आठवायला काय झालं. त्याच पापडांवर तुझ्या शाळेचे बूट यायचे.

तुगिमान : फक्त एक राहिलंय, बू. विक्रीची पावती. जुनी वाळवीनं खाल्ली. नवी लिहून हवी आणि तुमची सही तिकिटावर. कोरा कागद आणलाय, तिकीट आणलंय.

वारसिनी : माझं पेन चालत नाही.

तुगिमान : दोन पेनं आणलीत.

वारसिनी : चष्मा दुरुस्तीला दिलाय.

एन्दाह : आई, तो डोक्यावर आहे तुझ्या.

वारसिनी : असेल. सही करायला मन पण लागतं. ते कुठे आणलंय त्यानं?

तुगिमान : बू, मी काही चुकलो का? फोटोवरून रागावला असाल तर—

वारसिनी : तुझ्यावर कशाला रागावू? ओळखपत्र न्यायला तू पहिल्यांदा घरी आलास तेव्हाचं आठवतं तुला? गाडीचं पुस्तक हातात घेऊन गल्लीभर विचारत फिरत होतास, बू वारसिनी कुठे राहतात, बू वारसिनी कुठे राहतात.

तुगिमान : आठवतं तर. पाचजणांनी सांगितलं, ह्या नावाची बाई इथे नाही. त्यातला एक तर तुमच्याच अंगणात उभा होता.

वारसिनी : तो माझा दीर.

एन्दाह : काकांना तुझं नाव माहीत नव्हतं?

वारसिनी : कुणाला माहीत असणार? लग्न होऊन ह्या घरात आले त्या दिवसापासून मी बू दार्माजी, दार्माजींची बायको. तुझे वडील मास्तर. घर त्यांच्या नावावर, पेन्शन त्यांच्या नावाची, बाहेरच्या पाटीवरसुद्धा तेच. ते जाऊन सात वर्षं झाली तरी लग्नाच्या पत्रिका बू दार्माजी म्हणूनच येतात. माझं काही म्हणणं नाही त्यावर. चांगला माणूस होता. पण बाहेर आपल्या नावानं विचारत आलेला पहिला माणूस हा तुगिमान. मी आत पीठ मळत होते. हात तसेच घेऊन बाहेर आले.

तुगिमान : मला वाटलं, तुम्ही हाकलायलाच आलात.

एन्दाह : आई, ते खरं आहे. पण एका नावासाठी—

वारसिनी : नुसतं नाव नाही गं. तुझ्या पर्समध्ये माझं ओळखपत्र आहे ना, सकाळी बँकेत नेलेलं? त्यावर व्यवसायापुढे काय आहे, वाच.

एन्दाह : घरकाम.

वारसिनी : घरकाम. बत्तीस बायका होत्या माझ्याकडे पापड लाटायला आणि वाळवायला. सेमारांगच्या बाजारात माझे पापड संपल्याशिवाय दुसऱ्यांचे कुणी घेत नव्हतं. ती गाडी मी सेमारांगच्या डॉक्टर हान्दोयोंकडून घेतली. एकटी बसनं गेले होते. डॉक्टर म्हणाले, मालक नाही आले? मी म्हटलं, मालक शाळेत भूगोल शिकवतायत, गाडी मला हवीय. मग इथल्या कचेरीत पुस्तकावर नाव चढवायला गेले. कारकून टाइपरायटरवर बसला होता. नाव घेतलं, पत्ता घेतला, मग न विचारताच म्हणतो, व्यवसाय घरकाम. मी म्हटलं, थांबा. एवढी गाडी काय स्वयंपाकघरात फिरवायला घेतलीय मी? मागची रांग ओरडायला लागली. मी काउंटर सोडला नाही.

तुगिमान : मग?

वारसिनी : मग त्यानं लिहिलं. व्यापारी. साऱ्या जगात तेवढा एकच कागद आहे ज्यावर माझ्या नावापुढे तसं लिहिलंय. आणि आता तू म्हणतोस ते खोडून तिथे तुझं घालायचं.

एन्दाह : हे कधी बोलली नाहीस मला.

वारसिनी : तू दोन चौक आधी उतरायचीस.

(तुगिमान पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पुस्तक काढतो.)

तुगिमान : बू, चष्मा डोळ्यांवर घ्या. हे पुस्तक शेवटचं कधी पाहिलंत?

वारसिनी : बाजारात तुला गाडी दिली त्या दिवशी तिथेच तुझ्या हातात ठेवलं. त्यानंतर कशाला पाहीन?

तुगिमान : तेव्हाही नीट पाहिलं नसेल. हे पहिलं पान. काय लिहिलंय?

वारसिनी : डॉक्टर हान्दोयो. अरे, हे अजून आहेत?

तुगिमान : आहेत ना. गाडी तुमची झाली म्हणून डॉक्टरांना कुणी खोडलं नाही. त्यांचं पान त्यांचं. तुमच्यासाठी पुढचं पान उघडलं. हे बघा.

एन्दाह : द्या इकडे. मालक क्रमांक दोन. नाव वारसिनी. पत्ता हाच, आपला. व्यवसाय… आई, खरंच आहे गं. आणि 'व्या' जरा वर उडालाय.

वारसिनी : तो रागानं बडवत होता बटणं. दाखव मला.

तुगिमान : आणि हे तिसरं, कोरं. ह्याच्यावर मी येणार. मी काय तुमच्या पानावर बसायला आलेलो नाही, बू. तुमच्या मागे उभा राहायला आलोय.

वारसिनी : म्हणजे तुझ्यानंतर कुणी घेतली गाडी, तर तो आधी मला वाचेल?

तुगिमान : आधी डॉक्टर, मग तुम्ही, मग मी. पान उलटल्याशिवाय माझ्यापर्यंत येणारच नाही कुणी.

वारसिनी : हे आधी सांगायला काय झालं होतं? अर्धी सेराबी थंड झाली.

तुगिमान : मला काय माहीत तुमच्या मनात काय ते. मी फोटोलाच घाबरलो होतो.

वारसिनी : तुझ्या पानावर काय लिहून घेणार आहेस?

तुगिमान : ड्रायव्हर. दुसरं काय?

वारसिनी : गाडी तुझी, मुलं तू आणलीस, शाळेशी बोलणी तुझी. ड्रायव्हर म्हणजे दुसऱ्याची गाडी चालवतो तो. कारकुनाला सांग, वाहतूक व्यावसायिक. रांग ओरडली तर ओरडू दे.

तुगिमान : बरं, बू.

वारसिनी : आणि विमा नीट घे. चौदाही मुलांची नावं घालून. आणि तोंडात भजी असताना चालवू नकोस, पुढचा फोटो तुझ्याच घरी येईल, मला दाखवायला मिळणार नाही.

तुगिमान : ऑगस्टमध्ये आणून दाखवतो.

वारसिनी : एन्दाह, तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही पावती. मी सही करते.

एन्दाह : लिहिते. मी, खाली सही करणारी… नाव, वारसिनी. बू दार्माजी नको ना कंसात?

वारसिनी : नको.

एन्दाह : पत्ता लिहिला. आता व्यवसाय.

वारसिनी : मला काय विचारतेस? पुस्तक समोर आहे. बघ आणि उतरव.