कॉलरच्या जाहिरातीतला माणूस

नाही गं, तो चेहरा त्याचा नाहीच – मघापासून तेच सांगतेय. बस आधी, ती हॅट काढ – ओहायोहून एवढी लांब आलीस ती काय माझ्या दारात रडायला? मासिकातलं त्या शर्टाला वेगळ्या लावायच्या कडक कॉलरच्या जाहिरातीचं चित्र कापून छातीशी धरून येणारी तू काही पहिली नाहीस, गेल्या हिवाळ्यात एक शाळामास्तरीण आली होती, केक घेऊन. तर ऐक. ती हनुवटी एका मुष्टियोद्ध्याची, केस कुठल्याशा नटाचे, आणि डोळे चित्रकाराच्या मनातले – इतके निळे डोळे अख्ख्या न्यूयॉर्कात कुणाला नाहीत. आमच्या ऑर्विलची फक्त मान. आमच्या म्हणजे – नवरा माझा. ट्रामवर तिकिटं फाडायचा, चित्रकारानं पाहिलं, म्हणाला, "ही मान कॉलरसाठीच जन्मलीय." झालं, तेव्हापासून ती मान वाकेना. बुटाची नाडी मी बांधायची, सूप वाटी उचलून प्यायचं, आणि ट्रामची नोकरी सोडली – का, तर घामानं कॉलर मऊ पडते. पोरी वळून बघतात म्हणायचा. बघणारच – माणूस खांबासारखा चालला तर कुत्रीसुद्धा बघतात. मग बॉस्टनची एक विधवा आली, असंच चित्र घेऊन, आणि हा गेला की तिच्याबरोबर, मी इस्त्री केलेल्या सगळ्या कॉलरी घेऊन. तिनं मैत्रिणींना चहाला बोलावलं, याला खिडकीत उभं केलं, तर एकीनं विचारलं, "मान तीच आहे, पण बाकीचा कधी येणार?" आला परत. मी काय म्हणणार? दार उघडलं. मान तशीच होती – म्हणजे बाहेर थंडी होती, म्हणून उघडलं. आता मऊ कॉलरची फॅशन आलीय, चित्रकार बोलावत नाही. तरी दर शनिवारी मी एक कॉलर खळ घालून कडक करते, रविवारी तो ती लावून खिडकीशी बसतो, मी समोर बटाटे सोलते – त्याच्याकडं कशाला बघू, बटाट्यांकडंच बघते. कुठंय तो? अगं, आत्ता कोळशाची बादली घेऊन वर गेला ना, तुझी पेटी उचलून बाजूला ठेवली, तू मानही वर केली नाहीस – तोच. ऊठ आता, तुझी गाडी चुकेल. आणि ते चित्र ठेव इथं. कशाला म्हणजे? माझ्या घरची मान आहे ती. जा.