बाकी सगळ्यांचे पैसे माझ्या खात्यात

...आणि वर मलाच विचारतात, "मॅडम, तुमचा नेमका धंदा काय आहे?" आता काय सांगू? मी ब्लाउज शिवते हो! सिंदी मेघेत, पुढच्या खोलीत, एका पायानं मशीन आणि दुसऱ्या पायानं पोरीचा पाळणा! पण रिटर्न भरणारे चंदन सर माझं बँकेचं स्टेटमेंट वाचत होते, आणि माझी ओवी, आठ महिन्यांची, त्याचं दुसरं टोक खात होती, आणि मला वाटत होतं, खा बाई, सगळंच खा...

तुम्हाला सांगते, चूक माझीच. मी बी.कॉम. आहे ना! लग्न होऊन आले तेव्हा घरात कुणाच्या फोनवर पैसे येत नव्हते, माझ्या येत होते. झालं! आधी मामंजी, आमचे बापूजी. बटणांचा फोन, आंजी गावच्या बाजारात वांगी आणि सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, घेऊन बसणार, गिऱ्हाईक म्हणणार, "सुट्टे नाहीत, स्कॅन करतो." सासूबाई म्हणाल्या, "तुह्यावालाच लावून दे ना तो चौकोन. तू तं शिकलेली आहे नं वं!" लावला. तराजूलाच चिकटवला.

मग रुपेश भाऊजी, चुलत दीर, तर्री-पोह्याची गाडी. "वैनी, माह्या खात्यात पैसे आले का बँक गाडीचा हप्ता कापून घेते. तुह्या खात्यात येऊ दे, संध्याकाळी मले देजो." मग माधवीकाकूंची भिशी, कारण काकांना भिशी आहे हेच माहीत नाही! मग दुर्गा मंडळाची वर्गणी, कारण मागच्या वर्षी वर्गणीवरून दोन गट पडले, आणि दोन्ही गटांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, "वैनीच्या खात्यात टाका. वैनी तं शिकलेली आहे नं!"

फोनचं काय झालं असेल, विचार करा... सकाळी पोहे, टिंग! दुपारी वांगी, टिंग! ओवी झोपली रे झोपली की देवी, टिंग! आलेला पैसा मी संध्याकाळी ज्याचा त्याला देऊन टाकायचे, रोख. एक रुपया इकडचा तिकडे नाही. इतकी मी शहाणी की माझे ब्लाउजचे पैसे त्यात मिसळू नयेत म्हणून ते खात्यात येऊच दिले नाहीत! बायकांकडून रोखच घ्यायचे आणि स्टीलच्या डब्यात ठेवायचे. पिको-फॉलच्या मशीनसाठी. ते मशीन आलं ना, की साड्यांचं कामही माझ्याकडे, आणि नवऱ्याच्या, रजतच्या पगाराची वाट बघत दुधाचं पाकीट मोजायला नको...

मग आला मेसेज. इन्कम टॅक्सचा. "आपल्या खात्यात मोठे व्यवहार आढळले आहेत." रजतला दाखवला. तो म्हणाला, "पाहू." आमच्या घरात 'पाहू' म्हणजे 'तू पाहा.'

चंदन सर म्हणाले, "घाबरू नका. ज्याचे पैसे, त्यानं सही करून लिहून द्यायचं, एवढे माझे होते. संपलं." इतकं सोपं! मी पोरीला कडेवर घेऊन निघाले.

रुपेश भाऊजींनी झारा हवेतच थांबवला. "माह्यं नाव नोको घेजो वैनी! रेशन कार्ड जाईन!" माधवीकाकूंनी मला आत ओढलं, दार लावलं, "काय भिशी? कोणती भिशी वं?" आणि डोळ्यांनी पुढच्या खोलीतले काका दाखवले. मंडळाचा अश्विन तर फारच शांतपणे म्हणाला, "वैनी, मंडळ कोणाचं? देवीचं. आता देवीची सही मी कुठून आणू?"

सही केली एकट्या बापूजींनी. तिथल्या तिथे, चष्मा लावून. मग आकड्यावर बोट ठेवून तो वाचला. म्हणाले, "अंकिता, एवढे पैसे माहे होते?" म्हटलं, हो. "मंग माह्याजवळ काऊन नाई वं?"

...बी.कॉम. मी, कागद घडी करून पिशवीत घातला हो.

आणि त्यांचेच सगळ्यांत कमी होते! बाकी सगळं माझं. चंदन सर म्हणाले, "मग तुमचाच धंदा दाखवू, दुसरा इलाज नाही. शिलाई लिहू? म्हणजे अर्ध्या जिल्ह्याचे ब्लाउज तुम्हीच शिवले म्हणायचे!" आणि हसले. मग पेन घेऊन म्हणाले, "बरं, यात शिलाईचे खरे पैसे कोणते, खूण करा."

मी पानं उलटली. पोहे, वांगी, देवी, भिशी, पोहे, पोहे... ओवीनं खाल्लेला कोपरासुद्धा पोह्यांचाच होता. एवढ्या पानांत माझा एक रुपया नव्हता!

आणि गंमत ऐका. हिशोब झाल्यावर सरांनी टाळी वाजवली, "अभिनंदन! धंद्यात नफा थोडाच धरायचा असतो, टॅक्स शून्य!" मला रडूच आलं आनंदानं. "फक्त उशिराचा दंड, मागच्या वर्षाचाही. आणि माझी फी. आणि मॅडम, खात्यातून द्या ना, एवढं मोठं खातं आहे!"

त्या खात्यात त्या दिवशी भिशी होती. कशी देणार? घरी आले, डबा काढला. दंड, फी. तळाशी एक सुटलेलं हुक निघालं, ब्लाउजचं.

खातं बंद केलं तर वहिनी म्हणून सगळ्यांना तोंड कसं दाखवू, असा विचार करत बसले होते तेवढ्यात टिंग! पोहे. ओवी उठली. रुपेश भाऊजींचा फोन, "आले का वैनी?" म्हटलं, आले भाऊजी. सरकारच्या हिशोबानं माझेच आहेत, पण संध्याकाळी घेऊन जा.

सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, रिकामा डबा उचलला, उलटा करून पाहिला. म्हणाल्या, "चांगला डबा असा रिकामा ठेवते का कोणी? तू तं शिकलेली आहे नं वं! तुरीची डाळ भर त्याच्यात."

भरली.