शाल काढायला दोन हात लागतात

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, किन्हीराजाच्या पंचक्रोशीत ज्यांचा शब्द सहसा कोणी मोडत नाही असे आदरणीय इंद्रभानजी. आपल्या शाळेचे मुख्याध्यापक मारोतराव सर. व्यासपीठावर विराजमान झालेले संस्थेचे पदाधिकारी. ज्यांच्यासाठी आज आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती, आपले क्रीडाशिक्षक धरमसिंग आडे सर. त्यांच्या शेजारी खुर्चीच्या अगदी कडेला अवघडून बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती नानीबाई. तांड्यावरून वेळात वेळ काढून आलेल्या माझ्या मायबहिणी, पालक, माजी विद्यार्थी. आणि भाषणं कधी संपतात अन् पंगत कधी बसते याकडे डोळे लावून मागे भिंतीला टेकलेली माझी पोट्टेमंडळी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी मंजुषा. या शाळेत मराठी शिकवते. एरवी अशा कार्यक्रमात माझ्याकडे सूत्रसंचालन असतं. म्हणजे दुसऱ्यांना बोला म्हणायचं, आणि लांबलं की चिठ्ठी पाठवायची. आज सरांनी स्वतः सांगितलं की मॅडम, माझ्याबद्दल तुम्हीच बोला. मग सकाळी मुख्याध्यापकांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं आणि म्हणाले, चार गोड शब्द बोला, बाकीचं नको. बाकीचं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सर, गोड बोलायचा मी प्रयत्न करते. नाही जमलं तर शेवटी माफी मागायची पद्धत आपल्याकडे आहेच.

टेबलावर ते ताट तुम्हा सगळ्यांना दिसतंय. शाल आहे, नारळ आहे, गुच्छ आहे. आणि आडे सरांनी आयोजकांना आधीच कळवलंय की मला शाल घालू नका. त्यावरून सकाळपासून या मांडवात कुजबुज चालली आहे. कोणी म्हणालं, सरांना आता गर्व आला. कोणी म्हणालं, कोर्टकचेरी करून करून माणूस कडू झाला. एक जण तर मला म्हणाले, "मॅडम, मानाची शाल नाही म्हनते, असा कोनी मानूस असते काय बाप्पा?" असतो. समोरच बसलाय. का नको म्हणतो ते मी सांगते, कारण तो स्वतः सांगणार नाही.

आपल्या मुलींना सरकारी योजनेतून सायकली मिळाल्या, ते वर्ष आठवतं का तुम्हाला? फोटो निघाले, टाळ्या झाल्या. आणि महिनाभराने मी तांड्यावर गेले तर बऱ्याच घरी त्या सायकलींवर ओली लुगडी वाळत होती. पोरी भीत नव्हत्या, त्यांच्या आया भीत होत्या. आणि त्यांचं काय चुकलं? त्या रस्त्यावरून गाड्या कशा धावतात ते आपण बघतोच. चारचाकीत बसलं की माणसाला वाटतं, डांबर आपल्या बापानं टाकलंय.

तेव्हा सर घरोघरी गेले. भाषण दिलं नाही, फक्त एवढंच म्हणाले, "मी मांगं राह्यतो." दुसऱ्या दिवसापासून सकाळी तांड्यावरून पोरींची रांग निघायला लागली. एकामागे एक, डाव्या कडेने. पुढे कोण, हे रोज बदलायचं. मागे कोण, हे कधी बदललं नाही. मी बसच्या खिडकीतून ती रांग बघायची. खरं सांगते, वर्गात शिकवताना मला कधी वाटला नाही एवढा अभिमान तेव्हा वाटायचा.

आता बाकीचं.

दोन वर्षांपूर्वी, सोयाबीन काढणीच्या दिवसांत, चंदा नावाच्या आपल्या नववीतल्या मुलीच्या सायकलची चेन उतरली. रांग पुढे गेली. सर थांबले, चेन बसवून दिली, आणि दोघं निघाले. मागून एक मोठी गाडी आली. हॉर्न वाजवला, परत वाजवला. त्या जागी डांबराची कड तुटलेली आहे, खाली हातभर खड्डा. सायकल खाली घालायला जागाच नाही. गाडीवाल्याला वाटलं, हे मुद्दाम वाट अडवून राहिले. त्यानं गाडी पुढे नेऊन आडवी लावली, सीटखालून चाक खोलायची लोखंडी टॉमी काढली, आणि आपल्या सरांना मारलं. पहिला फटका डोक्यावर येत होता. सरांनी उजवा हात वर केला, तो मनगटात मोडला. मग तो गाडीत बसला, गाडी मागे घेतली आणि चंदाच्या पडलेल्या सायकलवरून घातली. चंदा कपाशीत उभी राहून बघत होती.

त्याचं नाव मी घेणार नाही. कोर्टाचा शिपाई ते पुकारतो, तेवढं पुरे आहे.

ठाण्यात पहिल्या दिवशी त्याची किरकोळ म्हणून नोंद झाली. रस्त्यावरची बाचाबाची, असं लिहिलं. सर हात गळ्यात बांधून परत परत गेले, दवाखान्याचा दाखला दिला, तेव्हा गुन्हा दाखल झाला. आणि त्या काळात पोरींची शाळा? आयांनी सायकली परत आत ओढल्या होत्या. मग आमच्या या गृहस्थाने काय करावं? प्लास्टरमधला हात घेऊन सायकल चालवता येईना, तर ते पायी निघाले. पोरी सायकली हातात धरून पुढे चालायच्या आणि हे मागे. हाताचं प्लास्टर सुटेपर्यंत ती रांग पायी शाळेत आली. उशीर व्हायचा. मुख्याध्यापक सर, तुम्ही त्या दिवसांत एकाही मुलीला उशिराचा शेरा दिला नाही, हे मी इथे मुद्दाम सांगते.

याच दिवसांतली गोष्ट आहे ती शालीची.

एका रविवारी सरांच्या घरी पाहुणे आले. तो गाडीवाला, त्याचे वडील, मोबाइल हातात घेतलेला त्यांचा एक पुतण्या, आणि त्यांच्यासोबत आपल्या पंचक्रोशीतला एक वडीलधारा माणूस. त्या माणसावर सरांची श्रद्धा. का नसावी? आपल्या शाळेच्या मैदानाला स्वतःच्या शेतातली जागा ज्याने दिली, तोच हा माणूस. सरांनी अख्खी नोकरी त्या मैदानावर काढली.

अध्यक्ष महोदय, तो माणूस तुम्ही होता. तुमचं नाव घेतल्याबद्दल राग मानू नका. मी तुम्हाला लहानपणापासून काका म्हणते, आजही म्हणेन.

नानीबाईंनी पाहुण्यांना चहा केला. ज्याने नवऱ्याचा हात मोडला त्यालाही कपबशी दिली, कारण दारात आलेला माणूस तो पाहुणाच. मग तो मुलगा उठला, सरांच्या पाया पडला आणि तुमच्या देखत म्हणाला, "सर, डोकं सनकलं व्हतं, मी मारलं, माफ करा." हे नानीबाईंनी चुलीपाशी अर्धं ऐकलं. पूर्ण ऐकणारे बाहेरचे फक्त तुम्ही. मग तुम्ही पिशवीतून शाल काढली. सर मागे सरकले. तेव्हा तुम्ही जे वाक्य बोललात ते सरांनी मला जसंच्या तसं सांगितलंय. तुम्ही म्हणालात, "सर, हे मिटवायले नाही. कोर्टाचं तुमी पाहा. आमची मान खाली गेली, म्हनून हे."

काका, तुमच्या तोंडून ते वाक्य आलं म्हणून सर जागचे हलले नाहीत. शाल खांद्यावर पडली आणि पुतण्याने फोटो काढला. वडीलधाऱ्यासमोर तोंड वाकडं कसं करायचं, म्हणून सर हसले. आपण सगळेच हसतो अशा वेळी.

तो फोटो वाशीमच्या कोर्टात निघाला.

आरोपीचे वकील उभे राहिले आणि म्हणाले, मास्तर स्वतःचाच तोल जाऊन सायकलवरून पडले, आमच्या अशिलाने माणुसकी म्हणून घरी जाऊन सत्कार केला, हा बघा फोटो, मास्तर हसत आहेत. मारलं असतं तर कोणी हसत शाल घेतं का? मग सरांना विचारलं, शाल नको होती तर काढून का टाकली नाही? मी त्या दिवशी मागच्या बाकावर बसले होते. सर म्हणाले, "साहेब, उजवा हात गळ्यात व्हता. शाल काढायले दोन हात लागतात."

कोर्टात कोणी हसलं नाही. पण कागदावर काय उतरलं? प्रश्न आणि उत्तर. फोटो आहे तसाच राहिला. सर एकदा ती शाल घेऊनही गेले होते, मुद्देमाल म्हणून जमा करून घ्या म्हणाले. कारकुनाने हात जोडले. मग त्या गाडीवाल्याच्या घरी परत द्यायला गेले, दार उघडलं नाही. ती अजून आपल्या क्रीडासाहित्याच्या कपाटात आहे, चंदाच्या चेपलेल्या चाकाच्या बाजूला. अंगावर त्यांनी ती परत घेतली नाही, आणि दुसरीही कोणाची घेत नाहीत. आता कळलं ना, गर्व आहे की काय आहे ते?

चंदा आता वाशीमला शिकते. तिचे आईवडील नानीबाईंच्याच तांड्यातले, ऊसतोडीला बाहेर गेले आहेत. ती मागच्या तारखेला एकटी साक्षीला उभी राहिली. वकिलांनी आवाज चढवला, हॉर्न ऐकू येऊनही तुम्ही बाजूला काहून झाला नाहीत? ती म्हणाली, "बाजूले खड्डा व्हता साहेब. आन् रस्ता आमचा बी हाय ना?" या वाक्याला मी मराठीच्या पेपरात पैकीच्या पैकी मार्क दिले असते. पण वकिलांनी न्यायाधीशांना सांगितलं की मुलगी सरांची विद्यार्थिनी आहे, शिकवून आणलेली आहे. त्यांचं कामच आहे ते.

मग आता उरलं कोण? जो सरांचा विद्यार्थी नाही, नातेवाईक नाही, आणि ज्याने त्या मुलाच्या तोंडून कबुली ऐकली, असा एकच माणूस उरतो. सरकारी वकिलांनी त्यासाठी कोर्टाची परवानगी घेतली. समन्स पहिल्यांदा आलं तेव्हा काका, तुम्ही लेकीच्या गावी होता. दुसऱ्यांदा आलं तेव्हा तब्येत बरी नव्हती. मी खोटं म्हणत नाही. त्या घराशी तुमची सोयरीक आहे, हेही मला ठाऊक आहे. उद्या लग्नकार्यात समोरासमोर बसायचं आहे, एका ताटात जेवायचं आहे. त्याचा त्रास तुम्हाला होणार, मला नाही. इथून बोलणं सोपं असतं. तरी बोलते, कारण मंगळवारची तारीख शेवटची आहे. त्यानंतर सरकारी बाजूचे साक्षीदार संपतात, आणि सर स्वतःचाच तोल जाऊन पडले हेच खरं ठरायची वेळ येते.

लोक सरांना म्हणतात, आता निवृत्त झालात, सोडून द्या, शेती बघा. मीही एकदा विचारलं, सर, थकत नाही का? ते म्हणाले, मॅडम, उद्यापासून रांगेच्या मागे मी नसणार. त्या गाडीवाल्याला काहीच झालं नाही, तर पुढच्या गाडीवाल्याला काय कळेल? पोरींच्या मागे कोण आहे असं त्याला वाटेल? याचं उत्तर तुमच्यापैकी कोणाला येत असेल तर जेवताना सांगा.

तेव्हा अध्यक्ष महोदय, सरांना शाल नकोच आहे असा गैरसमज करून घेऊ नका. त्यांना ती हवी आहे, आणि तुमच्याच हातची हवी आहे. त्या रविवारी शालीसोबत जे बोललात, ते एकदा न्यायाधीशांसमोर बोला. मग कोर्टाच्या पायरीवर, सगळ्यांच्या देखत, घाला. फोटो मी स्वतः काढीन.

...

माफ करा, मला जरा थांबावं लागलं. मागच्यांना दिसलं नसेल म्हणून सांगते. अध्यक्षांनी ताटातली शाल उचलली आहे. सरांकडे गेलेले नाहीत. घडी घालून आपल्या पिशवीत ठेवली आहे. आणि मला विचारत आहेत, "मंगळवारी किती वाजता जा लागते?"

अकराच्या आत, काका. फाट्यावरून सकाळची बस आहे. आम्ही सगळे तिथे असू, तुम्हाला एकट्याला चढावं लागणार नाही.

नानीबाई, डोळे पुसा. चहा आमच्याकडून, कोर्टासमोरच्या हॉटेलात.

मारोतराव सर, चार गोड शब्द मला जमले नाहीत. व्यासपीठाचा मान ठेवण्यात, कोणाला दुखावण्यात, वेळेचं भान ठेवण्यात माझं जे चुकलं असेल ते लेक समजून पोटात घाला. इतकं शांत बसून ऐकलंत, त्याबद्दल मी तुमची सर्वांची मनापासून ऋणी आहे. सत्काराला आता शाल उरली नाही, पण नारळ आहे. तो तेवढा आत्ता द्या सरांना. नारळ एका हातानेही घेता येतो.