सत्त्याण्णव टक्के यंत्र

नाही हो ताई, झेरॉक्स नकोय आज, आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, त्या लॅमिनेशननंच माझा घात केलाय — तुमचा दोष नाही, तुम्ही आपलं मशीन चालवलंत, कागद मीच आणला होता. मला ते सॉफ्टवेअर पाहिजे पुन्हा. तेच ते, यंत्रानं लिहिलेलं माणसानं लिहिल्यासारखं करून देणारं. फक्त आज काम उलटं आहे. एक पत्र यंत्राचं आहे की माणसाचं, ते बघायचंय. होतं ना? बसू का? बसतो. ही पिशवी इथेच ठेवतो, संत्री आहेत. पाचच्या बसनं आमची ही येतेय, दोन महिने अकरा दिवसांनी, आणि ती उतरायच्या आत मला एक गोष्ट कळायलाच पाहिजे. तुम्ही ते पासपोर्टचे फोटो कापून घ्या आधी, मी तोवर संत्रं सोलतो आणि बोलत राहतो, माझं काही अडत नाही.

ते लॅमिनेशन आठवत असेलच तुम्हाला. सोनेरी किनार, ए-फोर. लग्नाला चौतीस वर्षं झाली म्हणून मी हिला प्रशस्तिपत्र दिलं होतं — 'प्रमाणित करण्यात येते की, सदर पत्नीने चौतीस वर्षे अखंड व अतिशय समाधानकारक सेवा बजावली असून तिची वर्तणूक चांगली आहे.' खाली सही, तारीख, शिक्का. हसताय? ती नाही हसली. आणि 'अतिशय' लिहिलं होतं हो मी! एकतीस वर्षांच्या नोकरीत मी 'अतिशय' फक्त दोघांना दिलं, त्यातला एक साहेबांचा मेहुणा होता. तिनं ते फाडायला घेतलं — आता लॅमिनेशन कुठलं फाटतंय! वाकवलं, तर परत सरळ झालं. मला वाटतं, त्याचाच राग जास्त आला तिला. 'एकदा, आयुष्यात एकदा माणसासारखं बोला' म्हणाली, बॅग भरली आणि बहिणीकडे गेली.

मी काही हातावर हात धरून बसलो नाही. पत्र लिहिलं. स्वतः. पाच मसुदे केले, चौथ्यावर 'फेरविचार व्हावा' असा शेरा मारला आणि पाचवा मंजूर केला. 'विषय : स्वगृही परत येणेबाबत. संदर्भ : आपले स्वयंपाकघरातील तोंडी वक्तव्य. महोदया, आपल्या अनुपस्थितीमुळे घरातील दैनंदिन कामकाजावर विपरीत परिणाम होत आहे' — आता ह्याहून जास्त काळीज काय उघडं करायचं माणसानं? पण तिथे मेहुणीची मुलगी आहे ना, आमची भाची, कॉलेजात शिकवते. पोरं निबंध यंत्राकडून लिहून आणतात म्हणून तिच्याकडे ते पकडायचा प्रोग्राम आहे. तिनं सहज म्हणून माझं पत्र त्यात घातलं. सत्त्याण्णव टक्के यंत्र! मी! मी स्वतः, पेननं लिहिलेलं! हिचा फोन आला — 'चार ओळीसुद्धा स्वतःच्या लिहवल्या नाहीत ना तुम्हाला?' — आणि ठेवलाच. उरलेला तीन टक्के माणूस कुठे सापडला, म्हणून मी भाचीला विचारलं. पत्त्यात सापडला म्हणे. ताई, मी रडलो वगैरे नाही. पण उभा होतो, तो तिथेच बसलो.

तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, काका, ह्याच्यात घालून बघा. किंचित, मध्यम, पूर्ण, असं विचारलं त्यानं. मी म्हटलं पूर्ण, अर्धवट काम मला चालत नाही. आणि काय काय लिहिलं हो त्यानं! मध्येच शिंक आली मला. मध्येच 'थांब हं, दूध उतू गेलं.' माझ्या मांडीवर एक मांजर बसवलं. मी म्हणे भांडी घासताना गुणगुणतो, आणि तिची हिरवी शाल उशाशी घेऊन झोपतो — तिच्याकडे हिरवी शाल नाहीच! आणि शेवटी, 'आठवतं का गं तुला, त्या जिन्यावर बसून आपण एक संत्रं दोघांत खाल्लं होतं?' कुठला जिना, कुठलं संत्रं, साफ बनावट. मी न वाचताच सही केली — नाही, खोटं कशाला बोलू, वाचून केली. दोनदा वाचून. भाचीच्या प्रोग्रामनं सांगितलं, शून्य टक्के यंत्र. शुद्ध माणूस. आणि आठ दिवसांत हिचं उत्तर, येते म्हणून.

तेव्हापासून नुसती धावपळ चाललीय. येणार ती त्या पत्रातल्या माणसाकडे, आणि दार उघडणार मी. म्हणून रोज सकाळी दूध उतू घालवतो. गुणगुणतो — सूर लागत नाही, पण पत्रात सुराचा उल्लेख नाही. मांजर शेजारच्या शिंप्याचं आणलंय, रोज चार ते सहा, त्याला मी अजिबात आवडत नाही, हे बघा ओरखडे. शाल नवी घेतली आणि तिच्यावर तीन रात्री झोपून ती जुनी केली. शिंक तेवढी वेळेवर येत नाही. घ्या ना, फोड घ्या. खुशाल खा, शिरा काढल्यात सगळ्या, एक धागा ठेवत नाही मी. केव्हा लागली ही सवय कोण जाणे, मी स्वतः तर संत्रं खातच नाही, घसा धरतो.

हं, तर हे तिचं उत्तर. अक्षर तिचंच, पण अक्षराचं काय, समोर ठेवून उतरवता येतं. दुसरं पान ऐका. 'संत्र्याचं तुमच्या लक्षात आहे? मला वाटलं, तो दिवसच तुम्ही पुसून टाकलात. दवाखान्याचा मागचा जिना. रिकाम्या हातांनी घरी पाठवलं होतं आपल्याला.' — ऐकलंत? यंत्रानं ठोकून दिलेली थाप, आणि हिला ती आठवतेय! जागेसकट आठवतेय! म्हणून म्हणतो, हे उत्तरही यंत्राचंच असणार. भाचीनं करून दिलं असेल. यंत्राचं पत्र, यंत्राचं उत्तर, फिटंफाट, मग पाच वाजता मी निर्धास्त जाईन. नाही का? असंच असणार ना?

कारण दवाखाना खरा आहे. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी. मुलगी होती. मी चार दिवस रजा टाकली होती, कारण 'घरगुती', पाचव्या दिवशी सकाळी हजर. तो रजेचा अर्ज मला शब्द न् शब्द पाठ आहे, ताई, आजही म्हणून दाखवतो. जिना आठवत नाही. मी त्यानंतर ह्या विषयावर घरात एक अक्षर काढलेलं नाही, मला वाटायचं, काढलं तर तिला त्रास होईल. का मला, काय माहीत. आणि हे तुम्हाला कशाला सांगतोय मी, मी तर टक्के विचारायला आलोय.

लावलंत स्कॅनला? बरं. शंभर टक्के यंत्र निघू दे, म्हणजे मी काही विसरलेलो नाही. नव्वदसुद्धा चालेल. थांबा, अजून दोन ओळी आहेत खाली, त्याही येऊ देत त्यात. सकाळपासून सात वेळा वाचलंय हे. 'तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. नुसते एकेका फोडीच्या शिरा काढत होतात, एकही धागा न ठेवता, आणि माझ्या हातावर —' काय झालं? माझ्या हातांकडे काय बघताय?

थांबा. नका दाबू.

नका दाबू म्हणतो ना. बंद करा ते आधी. द्या, पत्र द्या इकडे. सालं राहू देत तशीच, मी उद्या येऊन झाडून देईन तुमचं टेबल. किती वाजले? बस आली असेल.

काय? लॅमिनेट?

नको. मळू दे.