डाव्या खांद्यावरची चावी

जबाब, दि. १३/०२/२०२५, वेळ दुपारी १२.४०

नाव गोमाजी डोमाजी लांजेवार, वय ६३ वर्षे, धंदा शेती व गावतलावाचा पाणकर, रा. आंधळगाव, ता. मोहाडी, जि. भंडारा.

मला ठाण्यातून बोलावणे आले नव्हते. मी आपल्या पायाने येऊन सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी पुष्पाबाई व मुलगी दामिनी, वय २७, यांच्यासह राहतो. दामिनी एका स्वयंसेवी बचाव पथकात डायव्हर आहे. आमच्या भागात पाठीवर सिलिंडर बांधून शंभर फूट खाली जाणारी बाईमाणूस ती एकटीच आहे. हे जबाबात लिहिण्याची गरज नाही, असे लिहून घेणाऱ्या बाई म्हणाल्या. मी म्हटले, "लिवा जी, खोटं थोडीच आहे."

हिरालाल यांनी तक्रार दिली आहे की, दामिनीने आपला एक सिलिंडर बंद ठेवून पाण्यात उतरून त्यांचा पुतण्या भुपेंद्र याचा जीव धोक्यात घातला. भुपेंद्र त्याच पथकात डायव्हर आहे. तक्रार मला वाचून दाखवली.

रविवार दि. ९ रोजी चिखल्याजवळच्या एका बंद खाजगी खाणीत, पाणी भरलेल्या खड्ड्यात, टिप्पर घसरून बुडाला. आत माणूस अडकला आहे काय ते पाहायला पथकाला बोलावले. सिलिंडर जड असतात म्हणून मी उचलायला सोबत गेलो. सकाळी साडेनऊला पोहोचलो. टिप्परचा ड्रायव्हर आधीच उडी मारून पळाला होता, हे दुसऱ्या दिवशी कळले.

पाठीवर दोन सिलिंडर जोडून असतात व प्रत्येकाला खांद्यामागे हवा सुरू-बंद करायची एक चावी असते. उजव्या चावीची लांब नळी तोंडात असते. डाव्या चावीची आखूड नळी रबराने गळ्यात, हनुवटीखाली असते. सोबत्याची हवा गेली तर आपल्या तोंडातली लांब नळी त्याला द्यायची व आपण गळ्यातली घ्यायची. दामिनीने हे मला अंगणात खाटेवर बसून शंभरदा दाखवले आहे. लांब नळी पट्ट्याखालून अंगासरशी न्यावी लागते. त्या दिवशी तिच्यासोबत उतरणाऱ्या भुपेंद्रची नळी बाजूला लोंबत होती. दामिनी त्याला म्हणाली, "भुपेंद्रभाऊ, नळी आत घ्या, कुठं तरी अडकन ते." तो म्हणाला, "तू आपली नळी पाय." हे तिने दोनदा सांगितले व मी दोन्ही वेळा ऐकले.

दामिनीने माझ्यासमोर दोन्ही चाव्या पूर्ण उघडल्या, दोन्ही नळ्यांतून श्वास घेतला, मग सिलिंडर पाठीवर घेऊन काठावर बसली. दोर बांधायला दहा मिनिटे गेली. तोवर तिच्या पाठीवर वजन येऊ नये म्हणून मी मागून सिलिंडर धरून उभा होतो. गळ्यातली नळी कामात नसताना तिची चावी उघडी आहे, हे मला दिसले. मी चाळीस वर्षे गावतलावाचे पाणी वाटतो. तलावाला दोन तुडूम आहेत, म्हणजे पाणी सोडायची तोंडे. एक चालू असताना दुसरे उघडे ठेवत नाहीत. माझ्या हातून धानाचे पाणी कधी वाया गेले नाही. मी डाव्या खांद्यावरची चावी बंद केली. तिला धक्का जाणवला असेल, पण बापाने सिलिंडर सावरले असे तिला वाटले. मी तिला सांगितले नाही. हवा वाचवली म्हणून मी मनात खुश होतो.

पाण्याखालचे मी पाहिले नाही. वर काढल्यावर भुपेंद्रला दवाखान्यात ठेवले होते, तिथे मंगळवारी त्याने मला सांगितले ते असे. सत्तर फुटांवर टिप्परच्या आरशाच्या दांडीत त्याची नळी अडकली व फाटली, हवा भसाभस निघून गेली. दामिनीने तोंडातली नळी काढून त्याच्या तोंडात दिली. स्वतः गळ्यातली घेतली. नळीत उरलेली हवा एका श्वासात संपली. भुपेंद्र म्हणाला, "काका, तिले हवा नोहोती. मले दिसून राहिलं होतं. पण माह्या तोंडातली नळी तिनं मागतली नाही." तिने डावा हात मागे नेऊन चावी उघडली व त्याला पट्ट्याला धरून, घाई न करता वर आणले. वर आल्यावर त्याने हे काठावर कोणाला सांगितले नाही, कारण तो रडत होता. हिरालाल यांना फक्त चावी बंद होती एवढेच समजले.

दामिनीने पथकाला लिहून दिले की, "चावी तपासणे माझे काम, चूक माझी." पाठीला जाणवलेल्या धक्क्यावरून चावी मी बंद केली हे तिने ओळखले होते, पण कोणी बंद केली ते लिहिले नाही. मी घरी विचारले, "माहं नाव काहून नाही घेतलं?" ती म्हणाली, "बाबा, तुमच्या हाताच्या भरवशावर गाव पाणी घेते. कायले बट्टा लावू?" मी तिच्यावर ओरडलो. रात्री जेवलो नाही. तिच्याबद्दल माझी छाती फुगली आहे व तिचा रागही आला आहे. बापाला वाचवायला पोरीने आपली डायव्हरकी घालवावी, हे मला मंजूर नाही. येत्या सोमवारी पथकात तिला ठेवायचे की काढायचे ते ठरणार आहे. त्याआधी हा कागद तिथे पोहोचावा.

तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, गावात पाणकरकी जाईल, समजते काय, असे बाईंनी विचारले. मी समजून आलो आहे. चावी मी बंद केली. सत्तर फूट पाण्याखाली, छातीत हवा नसताना, ती माझ्या मुलीने उघडली.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात बाईंनी 'नजरचुकीने' असा शब्द घातला होता, तो मी खोडायला लावला. माझी नजर चुकली नव्हती, मी शहाणपणा केला होता. बाकी मी बोललो तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही करतो.

(सही) गोमाजी डोमाजी लांजेवार