खणावरची चिठ्ठी

चहा घ्या, सांगतो. कुडपण गावच्या पाण्याच्या पंपाला आमच्या महाडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून दिलेला कंट्रोल बोर्ड सारखा बंद पडायचा. तिथल्या ताराकाकू फोनवर म्हणाल्या, "बोर्ड तुमचा हुशार हाय, पन हंडा आमच्याच डोक्यावर!"

बोर्ड माझ्या भाचीने, शलाकाने बनवलेला. बिघाड शोधायला तिने एआय एजंट लावला होता. तो दरवेळी आधी बोर्ड रीसेट करी आणि त्यात बिघाडाची नोंदच पुसली जाई.

"मामा, हा मठ्ठ आहे."

"रीसेटच्या कमांडपुढे त्याला काय लिहून दिलंयस?"

"'याने बोर्ड रीसेट होतो.' एवढंच."

मी तिला दुकानातल्या खणांवरच्या चिठ्ठ्या दाखवल्या. मी नसताना बायको दुकान बघते. तिनेच दटावून माझ्याकडून लिहून घेतल्यात: वस्तू कशासाठी, आणि कधी द्यायची नाही. शलाकाने तसंच लिहिलं, 'याने नोंदी पुसल्या जातात. आधी नोंदी वाच.' दुपारपर्यंत एजंटने बिघाड पकडला, आणि बोर्ड दुरुस्त झाला.

ताराकाकूंनी नाचणीचं पीठ पाठवलं. मी पिशवी बायकोपुढे ठेवली.

"यावर चिठ्ठी नाही. कशासाठी आहे?"

म्हटलं, "तुझ्यासाठी. आणि कधीच कुणाला द्यायची नाही."