इरावतीला भरती येत नाही

—नाही, नाही, युसुफभाई, आधी बसा. उभ्या माणसाचा निरोप मी ऐकत नाही. हे घ्या, वायच कोकमाचं सरबत. आमच्या झुबेदाच्या अब्बांनी धाडलं ना तुम्हाला? स्वतः बंदरावर बसलेत नि तुम्हाला पुढे केलंय — तोंड दाखवायची हिंमत नाही, दुसरं काय! बसू देत. आठ वर्षं मी बसले, घटकाभर ते बसले तर बूड झिजणार नाही. घरात घ्यायचं की नाही ते मी ठरवीन, पण आधी माझं बोलून होऊ दे.

तुम्ही रंगूनला राहिलात, पण नदी मला विचारा! ह्या पडवीत बसून शिकलेय. हे बघा, सरबतात बोट बुडवून जमिनीवर रेघ काढून दाखवते — ही इरावती. अख्ख्या ब्रह्मदेशात हिच्याएवढी लांब नदी नाही, हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळलं. नवऱ्याला वांगं चालत नाही, हे त्याच्यानंतर. वर डोंगरात माली नि न्माई, त्या दोघी मिळाल्या की हिचा जन्म. मग भामो. मग डावीकडून श्वेली, मग मंडाले, मग उजवीकडून चिंदविन — ती सगळ्यांत मोठी उपनदी — मग प्रोम, नि खाली समुद्राजवळ नुसते फाटेच फाटे. आगबोटीवर सुकाणी ना, वळण न् वळण पाठ! लेक झुबेदा सावर्ड्याला दिली, तिचा निकाह कुठल्या महिन्यात झाला विचारा — नाही सांगायचे. श्वेली कुठे मिळते विचारा, झोपेत सांगतील. मी आपली रोज संध्याकाळी म्हणते, आज भामोला असतील, आज मंडालेला — म्हंजे म्हणायचे, पूर्वी. आता कशाला म्हणू?

आणि ऐट केवढी! आमची इथली काजळी नदी म्हंजे ह्यांच्या लेखी गटार. नदी लांब असण्यात ह्यांची काय करामत? ह्यांनी खणली? तिकडचा राजा इंग्रजाने कैद करून इथे आणून ठेवला, त्याला मरेस्तोवर परत जाऊ दिलं नाही — नि आमच्या सुकाण्याला कोणी अडवत नव्हतं, तर हे परत येईनात! लढाईत रंगून पडलं तेव्हा जंगलातून चालत आले, पाय सोललेले. मी हळद-तेल लावून ते पाय उभे केले. उभे राहिले, लढाई संपली नि चालू पडले — तिकडेच, त्याला आठ वर्षं झाली!

भरतीची गोष्ट सांगितली असेल तुम्हाला? नाही? अरे वा, ती बरी लपवली. पहिल्या वर्षीची गोष्ट. प्रोमला ह्यांच्या ताब्यात एक पडाव दिला, मालाची मोठी होडी, नदीने वर घेऊन जा म्हणून. आम्ही खाडीतली माणसं — सोमेश्वरापर्यंत जायचं तरी भरती धरून जाणार, पाणी चढलं की होडी चढली. हे शहाणे पडाव काठाला बांधून, भात शिजवून बसले भरतीची वाट बघत! दुपार गेली, रात्र गेली. समुद्र राहिला कुठल्या कुठे, तिथलं पाणी एकच वाट जाणतं — खालची. सकाळी बायका पाणी भरायला आल्या, विचारलं, बाबा, कशाला थांबलास? भरतीला, म्हणाले. हसून हसून एकीची घागर फुटली.

हसा, हसा. मीपण हसले होते पहिल्यांदा. पुढच्या खेपेला घरी आले तेव्हा गोष्टीतल्या त्या घागरवालीच्या गालावर तिकडच्या बायका लावतात तो पिवळा लेप आला. त्याच्या पुढच्या खेपेला केसात फूल. मी म्हटलं, अहो, बायका पाच-सहा होत्या ना, मग बाकीच्यांना काय गाल नव्हते? ती गोष्ट त्या दिवसापासून बंद — नि मला काय समजायचं ते समजलं. तुम्ही काय सांगणार, युसुफभाई? भिकाजी होडीवाला सकाळीच सांगून गेला — मुंबईच्या बोटीतून उतरलेत, बरोबर बाई, दोन पोरं नि ट्रंका. बांगड्याचा वास येतोय ना? त्यांना आवडतो म्हणून नाही केला! बाजारात आज दुसरं काही नव्हतं. भातपण जास्त पडला, हाताचा अंदाज चुकला.

नाव काय तिचं? — अहो, त्या बाईचं. — काय? रंगूनपासून एकत्र आलात नि तुम्हाला माहीत नाही? सांगितलं नाही त्यांनी? नद्यांची नावं गावभर सांगत फिरले, नि पोरांच्या आईचं नाव…

म्हंजे माझंपण तिला सांगितलं नसेल.

तुम्ही सांगा. सकिना म्हणावं. सकिना म्हणतेय, पोरांना घेऊन आत ये, भात निवतोय. आणि अयूब — हो, घेतलं नवऱ्याचं नाव, काय आभाळ कोसळलं? — अयूबला म्हणावं, मुसाफिरांना मशिदीत जागा असते. उठा आता. सरबत राहू द्या, उठा.